सालूमायचे सात दिवस

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. सावरखडीत कुणालाच नीट सांगता येत नाही. तेव्हा गावाला सडक नव्हती, नदीवर पूल नव्हता, आणि माणूस जन्माला यायचा तो घरातच, जुन्या लुगड्यावर, सुईणीच्या हातात. गावाच्या उगवतीला ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरांची वाडी होती. वाडीत एक छोटं देऊळ होतं, वर पत्रे, पुढं घंटा. त्या वाडीत सालोमी नावाची बाई राहायची. नाव शास्त्रातलं, पण एवढं मोठं नाव हाकेला कोण घेणार? आधी ती सालू झाली, केस पिकायला लागले तशी सालूमाय झाली, आणि आज ती नाही तरी सालूमायच आहे.

सालूमाय सुईण होती. आसपासची अकरा गावं तिला ओळखायची. पाटलाच्या माडीपासून मेंढपाळाच्या पालापर्यंत कुणाकडूनही बोलावणं येवो, ती उठायची, पदर खोचायची आणि निघायची. असं म्हणतात, ती उंबऱ्यावर उभी राहूनच सांगायची की पोटातल्या लेकराचं डोकं कुठं आणि पाय कुठं. असं म्हणतात, आडवं बसलेलं मूल तिचं खाकरणं ऐकलं की सरळ व्हायचं. हे थोडं जास्तच झालं म्हणा. पण ज्यांनी तिचा आवाज ऐकला होता ते म्हणायचे, मूलच काय, आडमुठा बैलसुद्धा सरळ झाला असता.

एकदा एका गावच्या पाटलानं दिवस भरलेल्या बायकोवर हात उगारलेला तिनं पाहिला. सालूमाय ओसरीवरच मांडी घालून बसली. म्हणाली, "पाटील, आधी तिची माफी मागा, मग मी आत जाते. कळा सुरू झाल्यात, तेव्हा जरा लवकर मागा." पाटलानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि मागितली. मुलगी झाली, छान गोरीगोमटी. पुढं त्या घरात आवाज चढला की पाटलीणबाई एवढंच म्हणायच्या, "सालूमायला निरोप धाडू का?" की पाटील अंगणात जाऊन बसायचे.

अशी ती होती. खोटं बोलायची नाही. रविवार चुकवायची नाही. बाळंतपणाचं म्हणून पसाभर ज्वारी घ्यायची, वर कुणी काही दिलं तर परत करायची. आणि दर बाळंतपणाआधी कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायची, ते वर धरायची आणि म्हणायची, "देवा, हे हात बघ. यांनी कुणाचं काही घेतलं नाही. यांना यश दे."

देव द्यायचा. तीस वर्षं दिलं. तीस वर्षांत तिच्या हातात एक मूल दगावलं नाही, एक बाळंतीण गेली नाही.

आता सलग तीस वर्षं असं झालं तर माणसाला काय वाटेल? तिला वाटलं, हे आपल्या चांगलेपणामुळं आहे. देव न्यायी आहे, तो चांगल्याचं चांगलं करतो. इथपर्यंत ठीक होतं. पण मग ती पुढची पायरी उतरली. ज्याचं वाईट झालं त्यानं काहीतरी केलं असणार, असं ती धरून चालली. कुणाच्या घरी मूल गेलं की ती भेटायला जायची, बाळंतिणीसमोर बसायची आणि विचारायची, "काय केलं होतंस? आठव. काहीतरी असेल." तिच्या मनात दुष्टावा नव्हता, बरं का. पायात मोडलेला काटा दाखव म्हणजे मी काढते, अशा भावनेनं ती विचारायची. पण जिचं लेकरू गेलं तिच्या पायात काटा नसतो. ती बिचारी रात्रंदिवस आपलं आयुष्य धुंडाळत बसायची.

वाडीत तानूबाई म्हणून एक होती. केरसुण्या बांधायची. अबोल, अंगानं काटकुळी. तिची तीन बाळंतपणं सालूमायनं केली. तिन्ही लेकरं जिवंत जन्मली, रडली, आणि महिन्याच्या आत गेली. तिसरं गेलं तेव्हा रविवारची उपासना सुटली होती आणि देवळाच्या दारात सगळ्या बाया उभ्या होत्या. सालूमाय सगळ्यांदेखत म्हणाली, "तानू, तीनदा मी जितं लेकरू तुझ्या मांडीवर ठेवलं. तीनदा तू ते घालवलंस. माझे हात स्वच्छ आहेत. आता तुझं काय आहे ते तू शोध."

पुढच्या रविवारपासून तानूबाई देवळात आत आलीच नाही. दाराबाहेर पायरीच्या कडेला बसायची आणि तिथूनच गाणी ऐकायची. एक वर्ष गेलं, दोन गेली, अशी नऊ वर्षं गेली. तिला कुणी आत बोलावलं नाही. सालूमायनं तर नाहीच.

आणि मग सालूमायचं वर्ष आलं.

आधी शेळ्या गेल्या. तेरा होत्या, आठवड्यात सगळ्या पोट फुगून मेल्या. शेजारपाजारचे हळहळले. सालूमायनं मान ताठ ठेवली. "देवाचंच होतं, देवानं नेलं," म्हणाली आणि गोठा झाडून घेतला.

मग तिचा नवरा गेला. शांतवन त्याचं नाव, गवंडी होता, गरीब स्वभावाचा. वाऱ्यानं देवळाचा पत्रा उचकटला होता, तो बसवायला वर चढला आणि पाय निसटून खाली घंटेच्या चौथऱ्यावर पडला. जागेवरच गेला. देवाच्या घरावरून पडून माणूस मरावा, याचं सगळ्यांना नवल वाटलं. कुणीतरी कुजबुजलंसुद्धा. सालूमायनं ते ऐकलं, पण मान अजून ताठच होती.

मग मार्था आली. मार्था म्हणजे तिची एकुलती एक लेक. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाप गेल्याचं दुःख होतंच, पण आईला सोबत झाली. दोघी भाकरी थापताना हसायच्यासुद्धा. दिवस भरले, एका सकाळी कळा सुरू झाल्या. सालूमायनं हात धुतले, वर धरले, नेहमीचं म्हणाली.

मूल पायाळू होतं. तशी शंभर मुलं तिनं सोडवली होती. पण हे सुटेना. सूर्य वर आला, माथ्यावर आला, कलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आला. मार्थाचे ओठ पांढरे पडले.

"माय," ती म्हणाली, "भ्यायला झालंय गं."

"मी हाय ना," सालूमाय म्हणाली. "माझ्या हातात आजवर कुणी गेलंय का?"

"न्हाई," मार्था म्हणाली, आणि हसली. "मग मला कशाची भीती?"

दुपारी मूल आलं. मुलगा होता. तो रडला नाही. आणि त्याच्या मागोमाग तासाभरात मार्था गेली, आईचा हात हातात धरून, शेवटपर्यंत त्या हातांवर भरवसा ठेवून.

शेवटी हात. दोघांना माती देऊन परत आल्यावर तिच्या तळहातांवर फोड आले. फुटले, पुन्हा आले. कातडी सोलून निघाली. वाटी धरवेना, वेणी घालवेना. असल्या हातांना बाळंतिणीला कोण शिवू देणार? अकरा गावांची बोलावणी एका महिन्यात थांबली. सालूमाय चुलीसमोर, विझलेल्या राखेशेजारी बसून राहिली.

तिच्या तीन जुन्या मैत्रिणी होत्या. हौसाबाई, एस्तेरबाई आणि केरूबाई. तिघी देवळात तिच्याच रांगेत बसायच्या. त्या तिला भेटायला आल्या. बरोबर भाकरी आणली, कालवण आणलं, तिच्याजवळ बसल्या, डोळ्यांना पदर लावला. मग हौसाबाई खाली वाकून हळूच म्हणाली, "सालू, आठव. काहीतरी असेल."

सालूमायनं मान वर केली.

"शेळ्या गेल्या, धनी गेला, लेक गेली, नातू गेला," एस्तेरबाई म्हणाली. "एवढं उगीच होतंय का? देव न्यायी हाय, तूच सांगायचीस."

"आणि आता हात," केरूबाई म्हणाली. "हात म्हणजे काहीतरी हातानंच झालं असणार."

आता बघा, ही सगळी तिचीच वाक्यं होती. तिनंच त्यांना शिकवली होती. पण ऐकताना ती तिला ओळखू आली नाहीत. ती उठून उभी राहिली आणि तिनं अख्खं आयुष्य त्यांच्यासमोर मांडलं. कुणाचं दाणं चोरलं? कुणाशी खोटं बोलले? कुठली भुकेली बाई माझ्या दारातून उपाशी गेली? सांगा! तिघींकडं सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण उठताना हौसाबाई म्हणाली, "गर्व असेल मग." आणि दुसऱ्या दिवशी तिघी पुन्हा आल्या, पुन्हा तेच.

त्या दिवसांत आणखी एक बाई रोज यायची. ती आत यायची नाही. अंगणात, कुडाच्या सावलीला बसायची. दिवस कलला की उठून जायची, आणि उंबऱ्यावर कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्याचं एक भांडं ठेवून जायची. ती तानूबाई होती. सालूमायला वाटलं, ही माझी फजिती बघायला येते. तिनं त्या भांड्याला हात लावला नाही.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी रविवार होता. उपासना चालू असताना सालूमाय देवळात शिरली आणि मधोमध उभी राहिली. गाणं थांबलं. पाळक होते दाजीबा, खूप म्हातारे, एका डोळ्यानं जवळजवळ आंधळे.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "मला देवाला विचारायचंय. माझं काय चुकलं ते त्यानं सांगावं. न्हाईतर काही चुकलं न्हाई म्हणून सांगावं. दोन्हीतलं एक."

दाजीबा रागावले नाहीत. ते खाली आले, जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बस सालोमी. राखेत बसलेल्या माणसाची गोष्ट तुला ठाऊक हाय?"

ती शास्त्रातली गोष्ट वाडीत सगळ्यांनाच ठाऊक होती. एक नीतिमान माणूस. त्याची गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले, तो राखेत बसला आणि त्याचे मित्र येऊन त्यालाच दोष देऊ लागले.

"ठाऊक हाय. त्याला शेवटी सगळं दुप्पट मिळालं."

"मिळालं. पण त्याआधी त्यानंपण देवाला असंच विचारलं, तुझ्यासारखंच. आणि देव वावटळीतून बोलला."

"कारण सांगितलं का देवानं?"

"न्हाई."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं न्हाई काही. विचारलंच. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? समुद्राला दार कुणी लावलं? रानातली हरणी कधी विते, तिचे महिने तू मोजलेस का?"

मग सालूमायनं एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर दाजीबांना अखेरपर्यंत देता आलं नाही असं म्हणतात. ती म्हणाली, "त्याला नंतर दुसरी लेकरं झाली. पण पहिली? पहिल्यांचं काय झालं?"

दाजीबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे दोन्ही डोळे वाहू लागले, दिसणारा आणि न दिसणारा.

तिथून ती उठली आणि घरी गेली नाही. तडक माळावर गेली. सावरखडीच्या मागं मोठा माळ आहे, नुसतं कुसळी गवत आणि खडक. चैताचं ऊन होतं. तिनं तिथं मधोमध उभं राहून आभाळाकडं तोंड केलं आणि जे देवळात विचारलं होतं तेच ओरडून विचारलं.

असं म्हणतात, तेव्हा वावटळ उठली. चैतात वावटळी उठतातच, पण ही निराळी होती. ती माळाच्या टोकापासून आली, उंच खांबासारखी, गवत आणि माती गोल फिरवत, आणि सालूमायच्या चार हातांवर येऊन थांबली. पुढं गेली नाही, मागं गेली नाही. जागच्या जागी फिरत राहिली. मग हळूहळू धूळ खाली बसली, आणि जिथं वावटळ होती तिथं, गवतात, एक हरणी उभी होती. ती वीत होती.

सालूमायनं आजवर हजार बाळंतपणं पाहिली होती, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ना कढत पाणी, ना एरंडेल, ना धरायला कुणाचा हात. हरणी दोनदा बसली, दोनदा उठली, एकदा थरथरली, आणि पाडस ओलंचिंब गवतावर आलं. सालूमाय सवयीनं पुढं झाली. आणि तेव्हा आवाज आला. कुणी म्हणतात गडगडाटासारखा आला, कुणी म्हणतात सगळा माळ हादरला. सालूमाय स्वतः मात्र म्हाताऱ्या वयात नातवंडांच्या वयाच्या पोरींना सांगायची, "न्हाई गं. विहिरीवर एका बाईनं दुसरीला विचारावं ना, तितका हळू होता."

आवाजानं विचारलं, "सालू, हिची सुईण कोण?"

सालूमायनं आपले सोललेले हात पाहिले. मग एक हात तोंडावर ठेवला.

हरणी पुन्हा बसली. दुसरं पाडस होतं. हे आलं, पण हललं नाही. हरणीनं त्याला हुंगलं आणि चाटायला लागली. पहिल्याला चाटलं तितकाच वेळ चाटलं. तोंड, कान, पोट, पाय. घाई केली नाही. ते हलणार नाही हे कळल्यावरही चाटत राहिली. पहिलं पाडस उठून लटपटत तिच्या आचळाला लागलं, तरी ती दुसऱ्याजवळून हलली नाही.

सालूमाय तिथंच गवतात बसली आणि पहिल्यांदा रडली. मार्थासाठी रडली, नातवासाठी, शांतवनसाठी. आणि रडता रडता तिला एकदम तानूबाई आठवली. देवळाच्या दारात, सगळ्यांसमोर, खाली मान घालून उभी असलेली. त्या बाईच्या अंगातलं दूधसुद्धा तेव्हा आटलं नव्हतं.

उन्हं उतरताना ती वाडीत परतली. कुडाच्या सावलीला तानूबाई बसलेली होती, भांडं शेजारी ठेवून. सालूमाय तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तू रोज का येतेस?"

तानूबाई तिच्याकडं पाहायला बिचकली. मग म्हणाली, "माझ्याकडं कुणी आलं नव्हतं म्हणून."

"म्हणजे?"

"लोक यायचे माय. पण विचारायला यायचे. बसायला कुणी आलं न्हाई. एकटीनं बसणं लई वाईट असतंय. तुला तसं बसाया लागू नये म्हणून आले. आत यायला धीर झाला न्हाई."

सालूमाय, जी पाटलासमोर वाकली नव्हती, ती तिथं मातीत वाकली आणि तिनं तानूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "तानू, तू काही केलं नव्हतंस," ती म्हणाली. "काहीच केलं नव्हतंस. मीच वाईट बोलले. नऊ वर्षं तुला बाहेर बसवलं."

तानूबाईनं तिला उठवलं. दोघी रडल्या की नाही ते कुणी पाहिलं नाही. पण थोड्या वेळानं सालूमायनं विचारलं, "नावं काय ठेवली होतीस गं?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तानूबाईच्या ओठांना ते बोलायची सवयच राहिली नव्हती. "थोरला शमुवेल," ती म्हणाली. "मधली दीना. दीनाला जावळ होतं दाट. आणि धाकटीचं..." ती थांबली. "धाकटीचं ठेवलंच न्हाई. म्हटलं, नाव ठेवलं की जाईल. न ठेवताच गेली."

"आता ठेव."

तानूबाईनं बराच विचार केला. मग म्हणाली, "सुखी."

मग तिनं भांडं पुढं ओढलं, सालूमायचे दोन्ही हात त्या कोमट पाण्यात धरले आणि धुतले.

पुढच्या रविवारी सालूमाय तानूबाईचा हात धरून देवळात आली आणि तिला पहिल्या रांगेत, आपल्या जागेवर बसवलं. मग सगळ्यांकडं वळून म्हणाली, "ह्या बाईचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं. मला वाटत होतं, लेकरं माझ्या चांगुलपणावर जगतात." आणि तिनं तिन्ही लेकरांची नावं घेतली. शमुवेल, दीना, सुखी. दाजीबांनी घंटा वाजवायला लावली.

हौसाबाई, एस्तेरबाई आणि केरूबाई तिघींचे चेहरे उतरले. आपणही तेच बोललो, आता देव आपल्याला काय करील, या भीतीनं त्या कोपऱ्यात सरकल्या. सालूमाय त्यांच्यापाशी गेली, तिघींच्या डोक्यांवर आपले दुखरे हात ठेवले आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आता असं म्हणतात की ती प्रार्थना संपली आणि तिनं हात उचलले तेव्हा ते बरे झालेले होते, लहान मुलाच्या हातांसारखे मऊ. केरूबाईच्या घरचे मात्र सांगतात की कडुनिंबाच्या पाण्यानं बरे व्हायला पुरा दीड महिना लागला. तुम्हाला पटेल ते धरा. हात बरे झाले एवढं खरं.

बोलावणी पुन्हा येऊ लागली. पण सालूमाय बदलली होती. ती हात धुवायची, वर धरायची, पण "हे हात बघ" म्हणायची नाही. म्हणायची, "देवा, तू पण ये." एवढंच. त्यानंतर तिच्या हातात काही मुलं दगावलीसुद्धा. तीस वर्षं दगावली नव्हती, आता दगावली. जसं सगळ्यांचं होतं तसंच तिचंही. आणि मूल दगावलं की ती निघून जायची नाही. त्या घरी जमिनीवर बसायची. सात दिवस बसायची. भाकरी करायची, पाणी भरायची, बाळंतिणीचं अंग चोळायची. का झालं, कसं झालं, काही विचारायची नाही. पहिल्या दिवशी फक्त नाव विचारायची, आणि नाव नसेल तर ठेवायला लावायची. तिच्याबरोबर तानूबाई असायची. पुढं पुढं असं म्हणतात की निरोप पोचायच्या आधीच दोघी दारात उभ्या असायच्या. एकदा नदीला पूर होता, होडी बंद होती, पलीकडच्या गावात एका मेंढपाळाचं तान्हं गेलं. सकाळी त्याच्या बायकोनं पालातून बाहेर पाहिलं तर दोघी म्हाताऱ्या पालासमोर बसलेल्या, लुगडी कोरडी.

अगदी थकल्यावर तिला एका पोरीनं विचारलं, "सालूमाय, देव न्यायी हाय का गं?"

"हाय," सालूमाय म्हणाली. "पण कसा, ते मला विचारू नको. मी विचारायला गेले होते, तर त्यानंच मला विचारलं." आणि खदखदून हसली.

ती गेली तेव्हा अकरा गावांची माणसं आली. तिच्या हातावर जन्मलेल्या पुरुषांनी खांदा दिला, आणि खांदा द्यायला एवढे होते की प्रत्येकाला दहा पावलंसुद्धा मिळाली नाहीत. तिच्या शेजारी पुढं तानूबाईला ठेवलं.

सावरखडीत आजही कुणाच्या घरी लेकरू गेलं, किंवा कुणीही गेलं, तर सालूमायचे सात दिवस पाळतात. ख्रिस्ती वाडीत पाळतात, आणि आता सगळ्या गावात पाळतात, देव कुणाचा कुठला ते न बघता. चूल शेजारणी सांभाळतात. येणारा येतो, गेलेल्याचं नाव घेतो आणि जमिनीवर बसतो. कारण विचारायचं नाही, दोष काढायचा नाही, समजूत घालायची नाही. पाहुण्यारावळ्यांतलं कुणी नकळत सुरू झालंच, "काहीतरी असेल..." म्हणून, तर घरातली कुणीतरी उठते, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देते आणि म्हणते, "सालूमायचं पाणी घ्या." पाणी पिताना बोलता येत नाही. तांब्या मुद्दाम मोठा असतो. सातव्या दिवशी कोमट पाण्यानं त्या घरच्या बाईचे हात धुतात.

मागच्या पावसाळ्यात शिंद्यांच्या सुनेचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. गावात नवी आलेली नर्सबाई, दूरच्या जिल्ह्यातली, वही घेऊन भेटायला आली. चांगली बाई होती, कळवळ्यानंच आली होती. दारातच म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत होतीस ना गं? पडली-बिडली होतीस का?" तिला तांब्या मिळाला. ती गोंधळली, पण प्यायली. मग सासूनं तिला जागा करून दिली आणि म्हणाली, "बाई, तुमचं ते वहीतलं आठव्या दिवशी विचारा. आम्ही सगळं सांगू. आज बाळाचं नाव गौरी होतं, एवढं ऐका."

नर्सबाईनं वही पिशवीत ठेवली, चपला काढल्या आणि ती बायांमध्ये खाली बसली.